मेंदूच्या विजेची नोंद : येनापासून वऱ्हाडापर्यंत

डोक्याच्या कातडीवर धातूच्या लहान चकत्या चिकटवून मेंदूतील विद्युत व्यापार टिपण्याच्या तपासणीला ईईजी म्हणतात. माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद 1924 मध्ये जर्मनीतील येना येथे झाली. पुढच्या पंधरा वर्षांत युरोप-अमेरिकेतील मोठ्या रुग्णालयांनी ती स्वीकारली आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकात ती भारतात रुजली. धामणगाव रेल्वेसारख्या वऱ्हाडातील गावांपर्यंत तिचा लाभ पोचायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. त्यामुळे या तपासणीला दोन इतिहास आहेत. एक यंत्राचा आणि दुसरा यंत्रापर्यंत रुग्ण पोचण्याचा.

प्राण्यांवरील प्रयोग

सजीवांच्या शरीरात वीज असते, ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील लुईजी गॅल्व्हानी यांच्या बेडकांवरील प्रयोगांतून पुढे आली. 1840 च्या दशकात बर्लिनच्या एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांनी मज्जातंतूंतून जाणारा प्रवाह संवेदनशील गॅल्व्हानोमापकाने मोजून दाखवला. तंतूंत वीज आहे तर मेंदूतही ती असली पाहिजे, हा पुढचा तर्क होता. तो सिद्ध करण्याचे श्रेय लिव्हरपूलचे वैद्य रिचर्ड केटन यांना जाते. त्यांनी ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर तारा टेकवून गॅल्व्हानोमापकाचे हेलकावे पाहिले. प्राण्याच्या डोळ्यावर उजेड पाडला की प्रवाह बदलतो, हेही त्यांना आढळले. त्यांचे टिपण 1875 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पंधरा वर्षांनी, 1890 मध्ये, पोलंडच्या अडॉल्फ बेक यांनी केटन यांच्या कामाची माहिती नसताना तेच निरीक्षण स्वतंत्रपणे मांडले. या सर्वांपुढची अडचण एकच होती. हेलकावे डोळ्यांना दिसत, पण कागदावर उतरत नसत. डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांनी हृदयाच्या नोंदीसाठी विकसित केलेल्या तंतू-गॅल्व्हानोमापकामुळे ती अडचण दूर झाली. त्याच्या आधारे तत्कालीन रशियन साम्राज्यातील प्रावदिच-नेमिन्स्की यांनी 1912-13 च्या सुमारास कुत्र्याच्या मेंदूतील लहरींचे छायाचित्र छापले.

हान्स बर्गर

येना विद्यापीठाच्या मनोविकार चिकित्सालयाचे प्रमुख हान्स बर्गर यांना शोध घ्यायचा होता तो वेगळ्याच गोष्टीचा. तरुणपणी सैनिकी शिक्षण घेत असताना ते घोड्यावरून पडून तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला काही अघटित घडल्याची चाहूल लागली आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार करून खुशाली विचारली. मनाची शक्ती शरीराबाहेर जाऊ शकते, असे बर्गर यांना त्यावरून वाटू लागले. मेंदूतील रक्ताभिसरण आणि तापमान मोजून त्यांनी या शक्तीचा माग काढण्याचा प्रयत्न केला. त्यात यश आले नाही तेव्हा ते विजेकडे वळले.

6 जुलै 1924 रोजी त्यांनी सतरा वर्षांच्या एका मुलावर प्रयोग केला. शस्त्रक्रियेमुळे त्याच्या कवटीचा काही भाग काढलेला होता, म्हणून मेंदूचा क्षीण प्रवाह बाहेर मिळण्याची शक्यता अधिक होती. आपण मोजतो ते खरोखर मेंदूतूनच येते, की स्नायूंच्या हालचाली आणि नाडीचे ठोके आपल्याला फसवत आहेत, ही शंका दूर करण्यात त्यांची पाच वर्षे गेली. स्वतःचा मुलगा क्लाउस याच्या डोक्यावरूनही त्यांनी अनेक नोंदी घेतल्या. 1929 मध्ये त्यांचा पहिला लेख आला आणि 1938 पर्यंत त्याच मथळ्याची मालिका चालू राहिली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात सेकंदाला सुमारे दहा वेळा येणाऱ्या मोठ्या लहरींना त्यांनी ‘अल्फा’ म्हटले आणि अधिक वेगाच्या लहान लहरींना ‘बीटा’. डोळे उघडताच अल्फा लहरी मावळतात, हे निरीक्षणही त्यांचेच.

जर्मनीतील सहकाऱ्यांनी हे काम गंभीरपणे घेतले नाही. केंब्रिजचे एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी 1934 मध्ये त्याची फेरतपासणी केली. एड्रियन यांना 1932 चे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरील अल्फा लहरी शास्त्रज्ञांच्या सभेत दाखवल्यावर शंकेला जागा उरली नाही. बर्गर यांच्या चरित्राला मात्र काळी बाजू आहे. नाझी राजवटीने 1933 मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्याने लक्ष्य केलेल्या विकारांत आनुवंशिक अपस्मारही (मिरगी) होता. ज्या आजाराच्या निदानाला बर्गर यांच्या शोधाने सर्वांत मोठा हातभार लावला तो हाच, आणि या कायद्याखालील वरिष्ठ न्यायालयात बर्गर स्वतः सदस्य म्हणून बसले. 1941 मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

प्रयोगशाळेतून दवाखान्यात

निरोगी मेंदूच्या लहरी कुतूहलाचा विषय होत्या. वैद्यकाला उपयोग हवा होता, आणि तो अपस्मारात सापडला. बॉस्टनमध्ये फ्रेडरिक गिब्ज, त्यांच्या पत्नी एर्ना गिब्ज आणि विल्यम लेनॉक्स यांनी 1935 मध्ये मुलांतील एका विशिष्ट झटक्याच्या वेळच्या नोंदी घेतल्या. या झटक्यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. काही सेकंद नुसते टक लावून पाहते आणि पुन्हा खेळू लागते. शाळेत अशा मुलाला बेलक्ष ठरवून शिक्षा होते. त्याच्या आलेखात सेकंदाला तीन या गतीने टोकदार शिखर आणि पाठोपाठ संथ लाट अशी जोडी ठळक उमटली. तोवर केवळ वर्णनावर उभे असलेले निदान आता कागदावर दाखवता येऊ लागले. याच प्रयोगशाळेसाठी अल्बर्ट ग्रास यांनी बनवलेल्या प्रवर्धकांतून पुढे ईईजी यंत्रांचा उद्योग उभा राहिला. 1937 मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुग्णांसाठी नियमित विभाग सुरू झाला.

इंग्लंडमध्ये ग्रे वॉल्टर यांनी 1936 मध्ये मेंदूतील गाठीच्या आसपास अतिसंथ ‘डेल्टा’ लहरी उमटतात, हे दाखवले. कवटी न उघडता गाठीची जागा सांगणारी ती त्या काळातली मोलाची खूण होती. सीटी स्कॅन 1970 च्या दशकात आल्यावर मात्र हे काम ईईजीकडून गेले.

रुग्णालये वाढली तशी चकत्या कोठे लावायच्या याची शिस्त लागली. माँट्रिअलच्या हर्बर्ट जॅस्पर यांच्या पुढाकाराने तयार झालेली ‘दहा-वीस’ पद्धत 1958 मध्ये प्रसिद्ध झाली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत अंतर मोजून त्याच्या दहा व वीस टक्क्यांवर खुणा करायच्या, अशी ही रीत आहे. डोके लहान मुलाचे असो की मोठ्या माणसाचे, चकती मेंदूच्या त्याच भागावर येते. त्यामुळे एका गावी घेतलेली नोंद दुसऱ्या गावच्या तज्ज्ञाला वाचता येऊ लागली.

भारतात आगमन

भारतात आधुनिक चेताविज्ञानाची सुरुवात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1949 मध्ये झाली. तेथील विभाग सुरू करणारे डॉ. जेकब चँडी माँट्रिअलमध्ये वाइल्डर पेनफील्ड यांच्या संस्थेत शिकले होते. अपस्मारावरील शस्त्रक्रिया आणि विद्युत नोंद यांची सांगड घालणारी ती त्या काळची अग्रगण्य संस्था होती. 1951 मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. एडी भरुचा आणि जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया यांनी चेताविज्ञानाचे विभाग घडवले. माँट्रिअलमध्येच शिकलेले बेळगावचे डॉ. राम गिंडे हे मुंबईत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांपैकी होते. या विभागांबरोबर ईईजीची यंत्रे आणि ती चालवणारे तंत्रज्ञ तयार झाले.

त्याच काळात भारतीयांच्या कुतूहलाने या यंत्राला आणखी एक विषय दिला. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये, म्हणजे बर्गर यांच्या पहिल्या नोंदीच्याच वर्षी, कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचे शारीरिक परिणाम मोजण्याची परंपरा सुरू केली होती. 1961 मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या ईईजीवरील अभ्यास प्रसिद्ध केला. समाधीच्या काळात अल्फा लहरी ठळकपणे टिकून राहिल्या आणि उजेड, आवाज अशा बाह्य उद्दीपनांनीही त्या मोडल्या नाहीत, असे त्यांना दिसले. अभ्यासातील योग्यांची संख्या थोडी होती. तरी ध्यानावरील नंतरच्या जागतिक संशोधनात या लेखाचा उल्लेख सतत होत राहिला.

वऱ्हाडचा मार्ग

धामणगाव रेल्वे हे अमरावती जिल्ह्याच्या पूर्व कडेचे तालुक्याचे गाव. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोचला आणि त्यावरचे हे स्थानक कापसाची बाजारपेठ म्हणून वाढले. यवतमाळला जाणारेही मुख्य मार्गावरच्या याच स्थानकावर उतरत. येथून पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की पुलगाव, वर्धा, सेवाग्राम आणि पुढे नागपूर. पश्चिमेला चांदूर, बडनेरा आणि तेथून अमरावती. वऱ्हाडातला मेंदूविकाराचा रुग्ण कोठे गेला, हे पुष्कळ अंशी या मार्गाने ठरवले.

त्याला राजकीय कारणही होते. 1956 पर्यंत वऱ्हाड मध्य प्रांताशी, म्हणजे नागपूर राजधानीशी जोडलेला होता. मोठी रुग्णालये, वैद्यकीय शिक्षण आणि 1864 पासून चालत आलेले मनोरुग्णालय नागपुरात होते. 1947 मध्ये नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान उभे राहिले. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय 1984 मध्ये निघाले, तर वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथील महाविद्यालय 1990 मध्ये. वेल्लोरच्या चेताविज्ञान विभागात काम केलेल्या डॉ. जी. एम. टावरी यांनी नागपुरात सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस ही मेंदूविकारांना वाहिलेली संस्था स्थापन केली. माँट्रिअलहून वेल्लोरला आलेली परंपरा अशा रीतीने विदर्भात पोचली.

ही सोय होण्यापूर्वी, आणि पुष्कळ घरांत त्यानंतरही, मिरगी आली की नाकाला कांदा किंवा चप्पल लावायची, दातखिळीत चमचा घालायचा आणि शुद्धीवर आल्यावर देवऋषीकडे न्यायचे, असा क्रम होता. झटका सामान्यतः दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. त्यामुळे शेवटी जो उपाय केला त्यालाच गुण आला, असा समज पक्का होई. शेतीच्या मुलखात या आजाराचे धोके वेगळेच आहेत. विहिरीचा काठ, पेटती चूल, मळणीयंत्र आणि बैलगाडीची धाव या जागी आलेला झटका जिवावर बेतू शकतो. मुलीला मिरगी असेल तर ती लपवून लग्न लावले जाई, आणि गोळ्या चोरून घेण्याच्या नादात त्या बंदच पडत. कायद्यानेही या भीतीला बळ दिले होते. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके ही विवाहातील बाधा ठरवली गेली. 1999 मध्ये तो शब्द कायद्यातून काढून टाकण्यात आला.

1970 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने अपस्मार हा मेंदूचा, औषधाने आटोक्यात येणारा आजार आहे, हे लोकांना सांगण्याचे काम केले. पुढे मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशनने डॉ. निर्मल सूर्या यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय आरोग्य अभियानाबरोबर राज्याच्या ग्रामीण भागांत शिबिरे घेतली. त्यांत तज्ज्ञ, औषधे आणि ईईजीची सोय रुग्णाच्या जिल्ह्यात नेली गेली. पूर्वी रुग्ण यंत्राकडे जात असे. आता यंत्र रुग्णाकडे जाऊ लागले.

कागदापासून संगणकापर्यंत

ईईजीमध्ये मोजली जाते ती मेंदूच्या बाह्य थरातील असंख्य पेशींच्या संकेतांची बेरीज. एका पेशीची वीज कवटीबाहेर पोचत नाही. काही चौरस सेंटिमीटर भागातील पेशी एका तालात आल्या तरच लहर उमटते. जिनिंगच्या आवाराबाहेर उभे राहिल्यास आतल्या सर्व यंत्रांची मिळून घरघर ऐकू येते, एकट्या यंत्राची नाही, तसाच हा प्रकार आहे. या लहरी साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्टच्या असतात. हृदयाच्या नोंदीत येणारा संकेत याहून दहापट किंवा अधिक मोठा असतो. म्हणून पापणीची उघडझाप, जबड्याचा ताण, घाम आणि भिंतीतील विजेची तार या सर्वांची भेसळ ईईजीत होते. ती ओळखणे हे तंत्रज्ञाचे खरे कसब.

चकती आणि कातडी यांच्यात तेलाचा थर आला तर नोंद बिघडते. म्हणून डोके धुऊन, तेल न लावता यायला सांगतात. जेवण टाळायचे नसते आणि चालू गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नसतात. झोप अपुरी झाली की दडलेले दोष उमटण्याची शक्यता वाढते, म्हणून अनेकदा आदल्या रात्री जागरण करायला सांगतात. तपासणी सुमारे वीस ते तीस मिनिटे चालते. त्यात डोळे मिटणे-उघडणे, तीन मिनिटे खोल व जलद श्वास घेणे आणि लुकलुकणाऱ्या दिव्याकडे तोंड करणे हे टप्पे असतात. शरीरात वीज सोडली जात नाही, शरीरातील वीज केवळ टिपली जाते. विजेचे झटके देण्याच्या उपचाराशी हिची गल्लत होत असल्याने नातेवाइकांना हे आवर्जून सांगावे लागते.

पूर्वी ही नोंद शाईच्या लेखण्या सरकत्या कागदावर उतरवत. सेकंदाला 30 मिलिमीटर या गतीने वीस मिनिटांत 36 मीटर कागद लागे. त्याच्या घड्यांचे गठ्ठे रुग्णालयांत खोल्या अडवून बसत, आणि तो वाचणारा तज्ज्ञ यंत्राजवळच असावा लागे. 1990 च्या दशकापासून संगणकावरील नोंद रूढ झाली. एकच नोंद वेगवेगळ्या जोडण्यांनी पुन्हा पाहता येऊ लागली, रुग्णाचे चित्रण तिच्याशेजारी ठेवता येऊ लागले आणि ती फाइल दुसऱ्या शहरातील तज्ज्ञाला पाठवता येऊ लागली. भारतीय बनावटीची यंत्रे मिळू लागल्याने जिल्ह्याच्या गावातील खासगी दवाखान्यांनाही ती घेणे परवडू लागले.

उपयोग आणि मर्यादा

अपस्माराचा प्रकार ओळखून योग्य औषध निवडणे हा ईईजीचा आजही मुख्य उपयोग आहे. टक लावून थांबणाऱ्या मुलाचे निदान अनेकदा तीन मिनिटांच्या खोल श्वासातच होते. तान्ह्या मुलांतील अंग आखडण्याचे झटके, गोवरानंतर काही वर्षांनी येणारा मेंदूचा घातक दाह आणि बाहेर हालचाल न दिसता आत चालू राहिलेला झटका यांत ईईजी निर्णायक ठरते. यांतला गोवरोत्तर दाह भारतीय डॉक्टरांच्या विशेष परिचयाचा आहे. काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या उंच लहरी ही त्याची खूण असते.

मर्यादा तेवढ्याच महत्त्वाच्या आहेत. अपस्मार असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्याच पहिल्या नोंदीत दोष दिसतो. नोंद पुन्हा घेतली, झोपेत घेतली तर प्रमाण वाढते, पण शंभर टक्के कधीच होत नाही. उलट, कधीही झटका न आलेल्या मोजक्या निरोगी माणसांतही तशा खुणा सापडतात. म्हणून नोंद निर्दोष आली म्हणून आजार नाही असे होत नाही, आणि नोंदीत खूण दिसली म्हणून लगेच गोळ्या सुरू करायच्या नसतात.

या मर्यादा ओलांडल्या गेल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. ईईजीवर आधारलेल्या एका तंत्राने आरोपीच्या मेंदूत गुन्ह्याची आठवण आहे की नाही हे कळते, असा दावा होता. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषसिद्धीसाठी अशा चाचणीचाही आधार घेतला आणि जगभर त्याची चर्चा झाली. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात संमतीशिवाय केलेली नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची विद्युत चाचणी घटनाबाह्य ठरवली.

मृत्यूच्या निदानातही ईईजीचे स्थान मर्यादित आहे. 1968 च्या हार्वर्ड निकषांनी सपाट ईईजीला मेंदूमृत्यूचा पुष्टीदायक पुरावा मानले होते. भारतात 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा प्रथम गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांच्या ठरावांवरून झाला. त्याने मेंदूस्तंभाच्या मृत्यूची कसोटी स्वीकारली. चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. त्यासाठी ईईजी सक्तीची नाही.

मेंदूच्या विजेची नोंद वैद्यकात टिकली ती तिचे काम नेमके ठरल्यामुळे. गाठ दाखवण्याचे काम स्कॅनने घेतले, आठवणी वाचण्याचा दावा न्यायालयात अडला आणि बर्गर यांना हवी असलेली मनाची शक्ती कधी सापडलीच नाही. अपस्माराचा प्रकार सांगण्याच्या बाबतीत मात्र या साध्या, वेदनारहित आणि तुलनेने स्वस्त तपासणीला अजून पर्याय नाही. निदानाचा पहिला आधार तेव्हाही आणि आताही झटका डोळ्यांनी पाहणाऱ्याची हकिकत हाच आहे. म्हणून धामणगावहून सेवाग्रामला, नागपूरला किंवा अमरावतीला निघणाऱ्या रुग्णाबरोबर झटका पाहिलेला माणूस असावा आणि शक्य असल्यास मोबाइलवर केलेले झटक्याचे चित्रण असावे, हे उत्तम.